चाकं काढा, स्की लावा: ठाण्याहून थंडीच्या देशात निघालेल्यांसाठी स्नोबाइकची पहिली तयारी

ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसांतून दरवर्षी कुणी ना कुणी दोन वर्षांसाठी कॅल्गरी, सिअ‍ॅटल, सॉल्ट लेक सिटीला जातं. त्यांतले जे इकडे पावसाळ्यात मुरबाड-शहापूरकडे बाइक चिखलात घालतात, त्यांचा फोन मला साधारण दसऱ्याच्या सुमारास येतो. "ताई, ती पुढे स्की आणि मागे पट्टा असलेली बाइक असते ना, ती चालवायचीय. काय काय घ्यावं लागेल?" मी कळव्याची. कॅल्गरीत दोन हिवाळे काढले आणि त्यांतले बरेचसे शनिवार-रविवार बर्फातून बाइक उकरून काढण्यात घालवले. प्रत्येकाला फोनवर तासभर तेच सांगायचं, त्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण सगळे हमखास तिथेच चुकतात. फोन करणाऱ्यांतल्या दहापैकी आठ जणांचा दुसरा प्रश्न एक्झॉस्टबद्दल असतो. एक्झॉस्ट विसरा. बर्फात इंजिन कमी पडत नाही, ते गारठतं. माणूसही गारठतो. पहिल्या हिवाळ्यातला पैसा जीव वाचवणाऱ्या सामानावर आणि उबेवर जायला हवा, मग स्कीवर आणि सस्पेन्शनवर. ताकद वाढवायचा विषय तिसऱ्या हिवाळ्यात काढू.

आधी यंत्र समजून घ्या

स्नोबाइक म्हणजे वेगळी गाडी नाही. साधी डर्ट बाइक घ्यायची, पुढचं चाक काढून एक रुंद स्की लावायची, मागचं चाक आणि स्विंगआर्म काढून तिथे रबरी ट्रॅकचा सांगाडा बसवायचा. या स्की-ट्रॅकच्या संचाला किट म्हणतात. इंजिनची चेन आता चाकाला न फिरवता एका मधल्या शाफ्टला फिरवते आणि तिथून ताकद ट्रॅकला जाते. ट्रॅक साधारण ११ इंच रुंद असतो. त्याचा पूर्ण घेर १२०, १२९ किंवा १३७ इंच, आणि बाहेरच्या बाजूला अडीच-तीन इंचांचे रबरी दाते. हे दातेच भुसभुशीत बर्फात वल्ह्यासारखं काम करतात.

हा प्रकार घरगुती गॅरेजांतून वर आला. अमेरिकेत आयडाहो राज्यातल्या सँडपॉइंट गावात टिंबरस्लेड कंपनीची किट बनू लागली, २०१५ मध्ये बर्फावरच्या गाड्या बनवणाऱ्या पोलारिसने ती कंपनी विकत घेतली आणि त्यानंतर स्नोबाइक दुकानांत दिसायला लागली. २०१७ च्या अ‍ॅस्पेनच्या एक्स गेम्स या साहसी खेळांच्या स्पर्धेत स्नोबाइकक्रॉस (स्नोबाइकची शर्यत) पहिल्यांदा खेळलं गेलं आणि कॅनडाच्या ब्रॉक हॉयरने सुवर्णपदक घेतलं. ते व्हिडिओ बघून हुरळून जाऊ नका. त्या उड्या दाबून घट्ट केलेल्या शर्यतीच्या वाटेवरच्या आहेत. आपण पडणार आहोत ते कमरेइतक्या बर्फात.

बाइक निवडताना ४५० सीसीची फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस हा सगळ्यांत सरधोपट पर्याय. केटीएम, हुस्कवार्ना, यामाहा यांच्या बाइकना किट सहज बसतात. २५० फोर-स्ट्रोक दमते. एक तर ट्रॅक फिरवायलाच बरीच ताकद जाते, शिवाय उंचीवर हवा विरळ होते आणि दर ३०० मीटरला इंजिनची साधारण ३ टक्के ताकद कमी होते. २,००० मीटरवर म्हणजे पाचवा हिस्सा गेलाच. इलेक्ट्रिक स्टार्ट असलेलीच घ्या. मांडीपर्यंत बर्फात उभं राहून किक मारणं काय असतं ते मी अनुभवलंय. पाय खाली दाबला की आपणच खाली जातो, किक जागच्या जागी.

नव्या किटला साधारण पाच ते सात हजार अमेरिकी डॉलर पडतात, आणि तुमच्या मॉडेलला ते बसवायला लागणारे अ‍ॅक्सल, स्पेसर, ब्रॅकेट यांचा संच वेगळा विकत घ्यावा लागतो. जुनं किट घेताना हा संच तुमच्याच मॉडेलचा आणि तुमच्याच वर्षाचा आहे ना, ते आधी बघा. नाहीतर किट हॉलमध्ये पडून राहतं आणि घरचे त्यावर कपडे वाळत घालतात.

खरं तर पहिल्या हिवाळ्यात काहीच विकत घेऊ नका. भाड्याने बाइक आणि सोबत गाइड मिळतो. दोन दिवस तसे घालवा, मग ठरवा. हे सांगून कुणी ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं.

ठाण्यात बसून करायची तयारी

इथे बर्फ नाही म्हणून तयारी होत नाही, असं नाही. भुसभुशीत बर्फाच्या सगळ्यांत जवळ जाणारी जमीन आपल्याकडे जुलैत असते: भाताचं खाचर. लावणी न झालेलं, चिखलणी केलेलं, ओळखीच्या माणसाचं आणि त्याला विचारून घेतलेलं. त्यात बाइक घातली की तीन गोष्टी कळतात. थ्रॉटल सोडला की बाइक जागीच बसते. मागचं चाक गरागरा फिरवलं की ते स्वतःची कबर खणतं. आणि पुढचं टोक हलकं ठेवलं तरच दिशा हातात राहते. बर्फात हे तिन्ही नियम जसेच्या तसे चालतात. येऊरच्या जंगलवाटांवर मात्र हे प्रयोग नकोत. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, रायडिंगचं मैदान नव्हे.

पूर्ण वेळ पेगवर उभं राहून चालवायची सवय लावा. आपल्याला अडलं की पाय टेकायची सवय असते, घोडबंदर रोडने ती पक्की केलीय. खोल बर्फात टेकायला खाली काही नसतं. पाय टाकला की तो मांडीपर्यंत आत जातो आणि बाइक त्याच बाजूला अंगावर येते.

पडलेली बाइक उचलायचा सराव करा. किट लावलेली ४५० सगळी मिळून दीडशे किलोच्या आसपास जाते, म्हणजे आपल्या एक्सपल्सइतकी. गादीवर आडवी ठेवून दिवसातून दहा वेळा उचला, पाठीने नव्हे, पायांच्या जोरावर. दम वाढवायला पारसिक हिल किंवा खारघरची टेकडी आहेच. बर्फात पहिल्या दिवशी हात दुखत नाहीत, श्वास पुरत नाही.

हातमोज्यांची परीक्षा घ्यायची एक युक्ती मला सापडली. ओळखीच्या डेअरीवाल्याचा आइस्क्रीमचा डीप फ्रीझर उणे १८ अंशांच्या आसपास असतो. त्यात एक पाना, चार नटबोल्ट आणि एक बकल ठेवा. तासाभराने हातमोजे घालून ते बोल्ट आत हात ठेवूनच लावा आणि काढा. ज्या मोज्यांत हे जमत नाही, ते डोंगरावरही निकामी. आमचा डेअरीवाला काका पहिल्यांदा वैतागला, नंतर स्वतःच घड्याळ लावून बसायला लागला.

आणखी एक काम इथेच, फुकटात होतं. अ‍ॅव्हलांच कॅनडा या संस्थेचा 'अ‍ॅव्ही सॅव्ही' नावाचा हिमस्खलनाबद्दलचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. तो विमानात बसायच्या आधी संपवा.

गॅरेजमध्ये: कुठे पैसे घालायचे, कुठे नाही

सगळ्यांत पहिलं, थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. मोटोक्रॉस बाइकला तो बहुतेक वेळा नसतोच. उन्हात, धुळीत इंजिन थंड ठेवणं एवढंच तिच्या बनवणाऱ्यांच्या डोक्यात असतं. बर्फात रेडिएटरवर सतत बर्फाचा भुगा उडतो आणि कूलंट इतकं गार पडतं की इंजिन दिवसभर चालून तापतच नाही. मग पेट्रोल नीट जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून खाली झिरपून ऑइलमध्ये मिसळतं. आतल्या वाफेचं पाणी होऊन तेही ऑइलमध्येच उतरतं. मी पहिल्या हिवाळ्यात जुनी ४५० घेतली. विकणारा म्हणाला, थर्मोस्टॅट लावलाय. मी विश्वास ठेवला. चौथ्या राइडनंतर ऑइल काढलं तर टपरीवरच्या चहाच्या रंगाचं. होजवरून बोट फिरवलं तेव्हा कळलं, थर्मोस्टॅट नव्हताच.

होजच्या मध्ये बसवायचा थर्मोस्टॅट आणि त्यासोबतची बायपास नळी मिळते. इंजिन गार असेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतं, तापलं की झडप हळूहळू उघडते. नुसती रेडिएटरला टेप चिकटवणं हा जुगाड आहे. भुसभुशीत बर्फात तो चालून जातो, पण संध्याकाळी परतताना दाबलेल्या वाटेवर बर्फ उडत नाही आणि तेच इंजिन उकळायला लागतं. कूलंटचं तापमान दाखवणारा छोटा मीटर हँडलवर लावा. किरकोळ खर्च आहे आणि पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो.

ऑइल पातळ घ्या. ०डब्ल्यू-४० पुष्कळ जण वापरतात, पण आधी तुमच्या बाइकचं मॅन्युअल बघा. ते किलोमीटरवर नाही, इंजिनच्या तासांवर बदलायचं असतं, त्यामुळे तास मोजणारा मीटरही लावून घ्या. दर राइडनंतर ऑइलचा रंग आणि पातळी बघा. पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. ऑइल आपोआप वाढत नाही, त्यात पेट्रोल किंवा पाणी उतरलंय.

दुसरं, हवेचा रस्ता. एअर फिल्टरचा फोम उडालेल्या बर्फाने ओला होतो, मग गोठतो आणि बाइक गुदमरते. त्यासाठी फोमच्या जागी किंवा त्यावर पाणी न धरणारी बारीक जाळी लावतात आणि एअरबॉक्सची बाजूची भोकं झाकतात. इथे टेप चालते. पेट्रोल टाकीच्या झाकणावरची श्वासनळीसुद्धा बघा. तिचं टोक गोठलं की टाकीत हवा जात नाही, पेट्रोल उतरायचं थांबतं, आणि तुम्ही अर्धा तास स्पार्क प्लग तपासत बसता.

तिसरं, हात. गरम होणाऱ्या ग्रिप घ्या, पण मोटोक्रॉस बाइकचा स्टेटर फार वीज बनवत नाही, तेव्हा ती दोन्ही ग्रिपना पुरेल ना, हे आधी विचारा. ग्रिपवर वाऱ्यापासून आडोसा देणाऱ्या मोठ्या पिशव्या मिळतात. दिसायला भाजीच्या पिशव्या वाटतात, पण पातळ हातमोज्यांत दिवस निघतो आणि क्लचवर बोटं मोकळी राहतात. लिथियम बॅटरी असेल तर ती थंडीत सुस्त पडते. स्टार्ट करण्याआधी मिनिटभर दिवा किंवा इग्निशन चालू ठेवलं की ती थोडी जागी होते.

चौथं, पुढचा भाग. चाकाच्या जागी स्की आली की पुढे वजन आणि धक्का दोन्ही वाढतात, त्यामुळे फोर्कला जास्त कडक स्प्रिंग लागते. एअर फोर्क असेल तर हवेचा दाब वाढवून काम भागतं. स्कीच्या खाली जी पट्टी असते तिला कार्बाइडचं पातं असतं. घट्ट वाटेवर वळण्याची सगळी मदार त्यावर. ते बोथट झालं की बाइक वळत नाही, नुसती सरकत सरळ जाते.

आता एक छोटी गोष्ट, जिच्यामुळे नवखे लोक भर वाटेत अडकतात. ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या स्लायडरवरून घसरतो, त्याला थंड आणि ओलं ठेवायचं काम बर्फच करतो. वाट घट्ट असली की बर्फ मिळत नाही आणि प्लास्टिक वितळतं. त्यासाठी स्क्रॅचर असतात, खाली टेकणाऱ्या स्प्रिंगच्या दोन तारा. त्या बर्फ खरवडून ट्रॅकच्या आत फेकतात. घट्ट वाटेवर त्या खाली सोडायच्या, खोल बर्फात वर अडकवायच्या. वर करायला विसरलात तरी फारसं बिघडत नाही. खाली सोडायला विसरलात तर जळक्या प्लास्टिकचा वास येतो.

मनगटाला बांधायची किल स्विचची दोरी घ्याच. रिकामी बाइक उतारावर ट्रॅक फिरवत खाली निघाली, तर खाली कोण उभं आहे ते ती बघत नाही. पेट्रोलचंही गणित करा. मोटोक्रॉसच्या टाकीत सातेक लिटर मावतं आणि खोल बर्फात ते भराभर संपतं. ट्रॅकवरच्या रॅकला बसणारा जादा कॅन लागतोच. एक्झॉस्ट, मॅपिंग, मोठा पिस्टन, यांबद्दल मी मुद्दाम काही लिहीत नाही.

कपड्यांचं थोडक्यात. सुती काहीही नको, अगदी आतलंसुद्धा. इथल्या बाजारात मिळणारे सुती थर्मल घामाने ओले होतात आणि थांबलं की अंगावर गार फडक्यासारखे बसतात. मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक आतून, वरून पाणी आणि वारा अडवणारा सूट. गॉगल दोन घ्या, एक कोरडा पिशवीत. पडलात आणि गॉगलच्या आत बर्फ गेला की तो त्या दिवसापुरता संपला.

डोंगर तुमच्याकडे बघत असतो

या भागापर्यंत येऊन बरेच जण वाचणं थांबवतात, म्हणून इथे जरा जास्त लिहिते.

कॅल्गरीहून आम्ही जायचो ते ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकला, सुमारे ४०० किलोमीटर. वाटेत रॉजर्स पास लागतो. तिथे महामार्गावर बर्फाचे कडे कोसळू नयेत म्हणून रस्ता बंद करतात आणि कॅनडाचं लष्कर तोफा डागून वरचा बर्फ आधीच पाडतं. गाडीत बसून तो आवाज ऐकला की आपण कुठे चाललोय ते आपोआप कळतं. (ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी रस्त्यांवर १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल गाडीला हिवाळी टायर सक्तीचे आहेत, तेही विसरू नका.)

हिमस्खलन बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं. स्नोबाइकला चढायला मजा येते तो उतारही हाच. आणि माणूस ज्यांत अडकतो त्या बहुतेक हिमस्खलनांना त्याने स्वतः किंवा त्याच्या सोबत्यांनीच सुरुवात केलेली असते. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सापडला तर वाचण्याची शक्यता चांगली, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. हेलिकॉप्टर येईपर्यंत ही वेळ निघून गेलेली असते. शोधणारे म्हणजे तुमचे सोबतीच. म्हणून एकट्याने जायचं नाही, आणि ज्याला शोधता येत नाही त्याच्याबरोबरही जायचं नाही.

प्रत्येकाच्या अंगावर तीन वस्तू: ४५७ किलोहर्ट्झचा बीकन म्हणजे सिग्नल पाठवणारं आणि गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं छोटं यंत्र, प्रोब म्हणजे बर्फात खुपसून माणूस चाचपायची घडीची लांब काठी, आणि धातूचं फावडं. अंगावर म्हणजे अंगावरच. बाइकच्या रॅकला बांधलेलं फावडं बाइकबरोबर गाडलं जातं. बीकन जॅकेटच्या आत, पट्ट्याने बांधलेला. मोबाइल, कॅमेरा, गरम होणारं जॅकेट या सगळ्यांमुळे बीकनचा सिग्नल बिघडतो. ती उपकरणं बीकनपासून निदान २० सेंटिमीटर दूर ठेवायची, आणि शोधत असाल तेव्हा ५० सेंटिमीटर. आम्ही कॅल्गरीतल्या एका मैदानावर सराव करत होतो तेव्हा माझा बीकन एकदा १२ मीटर दाखवायचा, एकदा ३०. पाऊण तास मी त्यालाच शिव्या घातल्या. शेवटी लक्षात आलं, माझं बॅटरीवर गरम होणारं बनियन चालू होतं.

सराव लपाछपीसारखा करायचा. एकाने चालू बीकन पिशवीत घालून बर्फात पुरायचा, दुसऱ्याने घड्याळ लावून शोधायचा. पाच मिनिटांच्या आत सापडेपर्यंत दर आठवड्याला. हिमस्खलनापासून बचाव शिकवणारा दोन दिवसांचा एएसटी-१ हा प्राथमिक कोर्स कॅनडात ठिकठिकाणी होतो. किट विकत घेण्याआधी त्याचे पैसे भरा.

निघायच्या दिवशी सकाळी अ‍ॅव्हलांच कॅनडाचा अंदाज वाचा. त्यात धोक्याच्या पाच पायऱ्या असतात. आपल्याला वाटतं तीन म्हणजे मधलं, चालेल. तसं नाही. तिसऱ्या पायरीला, म्हणजे 'कन्सिडरेबल'ला, माणसाच्या वजनाने कडा सुटण्याची शक्यता खरीखुरी असते. नवख्यांनी त्या दिवशी झाडीतल्या सौम्य उतारांवरच राहायचं. झाडीत दुसरा धोका असतो: मोठ्या सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांखाली बर्फ पोकळ राहतो. त्या खड्ड्यात डोक्यावर पडलेला माणूस स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. बुंध्यापासून लांब, आणि सोबती नजरेच्या टप्प्यात.

मोठ्या उतारावर एका वेळी एकच जण. वर अडकलेल्या मित्राला मदत करायला चढायचं नाही. हे आपल्याला सगळ्यांत जड जातं. चिखलात कुणी रुतलं की सगळे धावतात, तीच आपली रीत. इथे दुसऱ्याच्या वजनाने कडा सुटू शकतो. खाली, बाजूला, बीकन हातात घेऊन उभं राहायचं आणि त्याला त्याचा वेळ द्यायचा.

पहिला दिवस

रेव्हलस्टोकला बोल्डर माउंटन आणि फ्रिस्बी रिज या दोन जागा स्थानिक स्नोमोबिल (स्की आणि ट्रॅकवर चालणारी बर्फावरची गाडी) क्लब सांभाळतो. वाटेचं शुल्क भरायचं, बाइकची नोंदणी आणि विमा लागतो, आणि कॅरिबू हरणांसाठी बंद ठेवलेले भाग नकाशावर बघून घ्यायचे. बंद भागात ट्रॅकची खूण सापडली तर त्याची शिक्षा सगळ्याच रायडरना भोगावी लागते.

इंजिन गरम होऊ द्या, होजला हात लावून बघा, मग निघा. पहिले काही किलोमीटर दाबलेली वाट असते आणि तीच तुम्हाला नकोशी वाटेल. स्की आधीच्या गाड्यांच्या चरांत शिरते आणि हँडल सापासारखं वळवळतं. घट्ट धरलं की आणखी वळवळतं. हँडल सैल धरा, वजन जरा मागे, थ्रॉटल एकसारखा. घट्ट वाटेवर बाइक झुकवायला जाऊ नका. खाली गोल टायर नाही, सपाट ट्रॅक आहे. वेग कमी करून हँडलने वळवा. समोरून स्नोमोबिल येतात, आणि तिथे गाड्या उजवीकडून चालतात. ठाणेकराचा हात वळणावर आपोआप डावीकडे जातो, सांभाळा. समोरचा रायडर बोटं दाखवतो ती नमस्कारासाठी नसतात. माझ्यामागे एवढे जण आहेत, असा त्याचा अर्थ. मूठ दाखवली म्हणजे तो शेवटचा.

पुढच्या ब्रेकचा विचार सोडा. स्कीला ब्रेक लावता येत नाही. डिस्क असते ती ट्रॅकच्या शाफ्टवर, पायाच्या ब्रेकला जोडलेली. आपल्याकडे अर्धी जनता पुढचा ब्रेक वापरतच नाही, त्यांना हा एक आयता फायदा. तसाही ब्रेक फार लागत नाही. थ्रॉटल सोडला की ट्रॅकचं ओढणंच बाइकला थांबवतं, कधीकधी अपेक्षेपेक्षा लवकर. खोल बर्फात थ्रॉटल एकदम सोडलात तर बाइक थांबते आणि तुम्ही हँडलवरून पुढे जाता.

मोकळ्या, खोल बर्फात शिरलात की सगळं बदलतं. तिथे बाइक झुकते, आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप ते इथे मिळतं. दुसऱ्या गिअरमध्ये निघा, क्लच हळू सोडा, ट्रॅक जागीच फिरवू नका. थोडा वेग आला की बाइक बर्फावर तरंगते. जिकडे जायचं तिकडे बघा, त्या बाजूच्या पेगवर वजन द्या, थ्रॉटल उघडा ठेवा. नव्वद टक्के पडणं हे घाबरून थ्रॉटल सोडल्यामुळे होतं. हा आकडा माझ्या स्वतःच्या पडण्यांवरून काढलाय.

डोंगराच्या अंगावरून आडवं जायचं असेल तर बाइक वरच्या बाजूला, डोंगराकडे झुकवायची. ट्रॅकची ती कड बर्फात रुतते आणि बाइक सरळ राहते. भाताच्या बांधाच्या उतारावरून तिरकी बाइक घातली असेल तर शरीराला हे माहीत असतं. नजर खालच्या दरीकडे गेली की बाइकही तिकडेच.

थांबायचं ते नेहमी उताराच्या दिशेने तोंड करून, किंवा आधी स्वतःच फिरून दाबलेल्या जागेवर. चढावर, खोल बर्फात थांबलात तर पुढचा अर्धा तास खालच्या परिच्छेदांत लिहिल्याप्रमाणे जाईल.

रुतल्यावर

रुताल. पहिल्या दिवशी आठ-दहा वेळा तरी.

थ्रॉटल ताबडतोब बंद. ट्रॅक जितका फिरेल तितका खड्डा खोल. इंजिन बंद करा, किल दोरी काढा, श्वास घ्या, पाणी प्या. मग बाइकच्या पुढची दोन-तीन मीटर वाट पायांनी तुडवून घट्ट करा. खालच्या बाजूला उभं राहून बाइक आडवी पाडायची नाही, ती तुमच्यावर येते. वरच्या बाजूला उभं राहा, बाइक आडवी करा, ट्रॅकचा खड्डा बर्फ लोटून भरा आणि तुडवा. दोन मिनिटं थांबा. तुडवलेला बर्फ थोडा वेळ मिळाला की घट्ट होतो, ही घाई न करण्याची दोन मिनिटं पुढची वीस वाचवतात. आता स्कीला बांधलेला पट्टा ओढून पुढचं टोक उताराच्या दिशेला फिरवा, बाइक उभी करा, शेजारी उभं राहूनच हळू क्लच सोडत तिला बाहेर काढा आणि चालू लागली की वर चढा. चढाच्या दिशेने बाहेर काढायचा हट्ट सोडा. खाली जा, वळा, वेग घ्या, पुन्हा या.

दुपारी दोननंतर नवा चढ घेऊ नका. हिवाळ्यात तिथे लवकर अंधारतं, आणि थकल्यावर माणूस थ्रॉटल सोडतो, हे वर लिहिलंच आहे.

परत आल्यावर, आणि भारतात येताना

गाडीत चढवण्याआधी ट्रॅकमधला बर्फ झटकून काढा, नाहीतर सकाळी तो दगड झालेला असतो. बाइक जमिनीवर टेकवून ठेवू नका, मागचा भाग स्टँडवर उचला, म्हणजे ट्रॅक जमिनीला चिकटून गोठत नाही. चेनला तेल द्या, स्लायडरची झीज बघा, ट्रॅकचा ताण किटच्या पुस्तकात दिल्याप्रमाणे तपासा, ऑइलचा रंग बघा.

किट ठाण्याला आणून एक्सपल्सवर लावायचं का, हा प्रश्न हमखास येतो. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, तेव्हा नंबरप्लेटवाल्या बाइकला ट्रॅक लावून रस्त्यावर येण्याचा विषयच नाही. तिकडेच विका. पण हंगाम संपला की लगेच विकू नका. ऑक्टोबरात चांगला भाव येतो, तोवर एखाद्या मित्राच्या गॅरेजमध्ये राहू द्या.

डोंगरात मोबाइलला रेंज नसते म्हणून तिकडे बहुतेक रायडर सॅटेलाइट कम्युनिकेटर बाळगतात. तुम्हीही घ्या. पण भारतात परवानगीशिवाय ते उपकरण जवळ बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळावर त्यापायी लोकांना अटक झालेली आहे. घरी येताना ते बॅगेच्या कुठल्याही खिशात राहिलेलं नाही ना, हे दोनदा बघा. बीकनमधल्या बॅटऱ्याही हंगाम संपला की काढून ठेवा. आत राहिलेल्या बॅटरीचा रस गळला की बीकन टाकून द्यावा लागतो.